बाजूंचे वर्तुळ

गणित शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढायचा सर्वांत साधा कोड चार-पाच ओळींचा असतो. त्रिज्या घ्यायची, 360 अंशांचे समान भाग पाडायचे, साइन-कोसाइन वापरून प्रत्येक भागाला एक बिंदू ठरवायचा आणि शेजारशेजारचे बिंदू सरळ रेषेने जोडत जायचे. त्रिज्या 200 पिक्सेल ठेवून 12 भाग पाडले, तर प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळाच्या जवळजवळ 7 पिक्सेल आत राहतो आणि कोपरे डोळ्यांना खुपतात. 60 भाग पाडले की ती फट पाव पिक्सेलच्या जरा वर उरते आणि कोपरे दिसेनासे होतात. ते नाहीसे मात्र होत नाहीत. मग 60 बाजूंची आकृती दाखवून आपण मुलांना ‘हे वर्तुळ’ असे सांगतो, तेव्हा खोटे बोलतो का? प्रश्न संगणकाच्या वर्गातला वाटतो, पण त्याच्या पोटात धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे. जे कोणत्याच आकारात पुरते मावत नाही, ते आकारातून शिकवता येते का? आणि शिकवताना त्या आकाराबद्दल किती खरे सांगायचे?

हा निव्वळ शब्दच्छल नाही, हे स्पर्शिकेपाशी कळते. दहावीच्या भूमितीत मूल शिकते की स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते आणि त्या बिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते. आता वरच्या 60 बाजूंच्या आकृतीला रेषा टेकवून पाहा. ती बाजूवर टेकली तर अख्खी बाजू तिच्यावर बसते, म्हणजे स्पर्श एका बिंदूत नसतो. कोपऱ्यावर टेकली तर त्याच बिंदूतून नुसत्या स्पर्श करून जाणाऱ्या असंख्य रेषा निघतात आणि ‘ती’ स्पर्शिका कोणती हे ठरत नाही. पुस्तकातले प्रमेय पडद्यावरच्या आकृतीला लागूच होत नाही. ग्रीसमध्ये प्रोटागोरसने हाच आक्षेप घेतला होता आणि अॅरिस्टॉटलने तो नोंदवून ठेवला आहे: प्रत्यक्षातले वर्तुळ पट्टीला एका बिंदूत टेकत नाही, त्यामुळे भूमिती ज्या वस्तूंबद्दल बोलते त्या आपण पाहतो त्या वस्तू नव्हेत. प्लेटोच्या परंपरेने यावर उत्तर दिले की खरे वर्तुळ वेगळ्याच लोकात आहे आणि इथे दिसतात ती त्याची फिकट रूपे. हे उत्तर देखणे आहे, पण शिक्षकाला आणि प्रोग्रॅमरला ते रिकाम्या हाताने परत पाठवते. खरे वर्तुळ तिकडे असेल, तर इकडच्या आकृतीकडून तिकडे जायचे कसे?

नागपूरच्या सदर भागात बसून विचार करणाऱ्याला याहून कामाचे उत्तर पन्नासेक किलोमीटरवर सापडते. रामटेकजवळच्या एका टेकडीला नागार्जुनाचे नाव आहे, आणि तिबेटी परंपरा या बौद्ध आचार्याचा जन्म विदर्भातला मानते. त्याने दोन सत्ये मांडली: व्यवहारातले संवृतिसत्य आणि परमार्थसत्य. त्यापुढचे त्याचे म्हणणे इथे महत्त्वाचे आहे. व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही. आणि परमार्थ म्हणजे पलीकडे ठेवलेली दुसरी वस्तू नव्हे, तर वस्तू परस्परांवर अवलंबून आहेत, स्वतःच्या बळावर कोणतीच उभी नाही, हे कळणे. वर्तुळाला हे अक्षरशः लागू पडते. वर्तुळ म्हणजे केंद्र, अंतर आणि ‘सगळीकडे तेवढेच’ ही अट. यातले एक काढले तर वर्तुळ म्हणून काही उरत नाही. कोडमध्ये ही अट एका ओळीत लिहिलेली असते, पडद्यावरची आकृती तिच्यावर अवलंबून असते आणि त्या आकृतीवाचून मुलाला अटीपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून बाजूंचे वर्तुळ खोटे नाही. त्याच्या बाजू लपवल्या की मात्र ते खोटे होते. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मला सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपुढे आग्रहाने मांडायचे आहे.

सरळ रेषांनी गोलाईचे सत्य गाठता येते, याचा पुरावा याच भागात आहे. सदरपासून जवळच झीरो माइलचा दगडी स्तंभ उभा आहे. तो 1907 सालचा. ज्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे या सर्वेक्षणाची तो खूण आहे, त्याचा पाया विल्यम लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ घातला होता. पृथ्वीची गोलाई नेमकी कशी आहे हे शोधण्यासाठी त्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणाला त्रिकोण जोडत एक लांबलचक कंस मोजत आणला. 1823 मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या कामातली शिकण्यासारखी गोष्ट अशी, की वक्र पृष्ठावरच्या त्रिकोणाचे तीन कोन मिळून 180 अंशांहून किंचित जास्त भरतात आणि सर्वेक्षणाने हा जास्तीचा भाग नजरेआड केला नाही. तो काढून हिशेबात धरला. पृथ्वीचा आकार समजला तो त्रिकोण आणि त्यांच्यातली तफावत या दोन्हींची नोंद ठेवल्यामुळे.

यावर जाणकार प्रोग्रॅमरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. चांगले सॉफ्टवेअर बाजू साठवत नाही, समीकरण साठवते. आपल्या पाठ्यपुस्तकांनीही सुचवलेल्या जिओजेब्रात वर्तुळ कितीही मोठे केले तरी कोपरा सापडत नाही, कारण दर वेळी आकृती नव्याने काढली जाते. तेव्हा तिथे खरे वर्तुळच आहे. आक्षेप अर्धा बरोबर आहे. समीकरण साठवणे म्हणजे अट साठवणे, आणि वर म्हटले तसे वर्तुळ अटीतच आहे. पण ती अट तपासताना संगणकाला संख्या लागतात, आणि त्याच्या नेहमीच्या संख्या साधारण सोळा अंकांवर संपतात. त्रिज्येचा वर्ग 2 असलेले वर्तुळ घ्या. केंद्रापासून 2 च्या वर्गमुळाएवढ्या अंतरावरचा बिंदू त्यावर असायलाच हवा. संगणक त्या वर्गमुळाचा वर्ग करतो आणि उत्तर देतो 2.0000000000000004. काटेकोर तुलना केली तर तो बिंदू वर्तुळावर नाही असा निकाल येतो. म्हणून प्रोग्रॅमर थोडी सूट ठेवतो: एवढ्या फरकापर्यंत ‘वर्तुळावर आहे’ म्हणायचे. म्हणजे कोपरे पडद्यावरून हलून संख्यांत जाऊन बसले. ही सूट किती आहे, हे शिकणाऱ्याला कुठेच दिसत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. मुलाला आधी वर्तुळ नीट कळू द्या. बाजू, फट, सूट यांची कटकट सुरुवातीलाच कशाला? श्रद्धेच्या क्षेत्रातही हेच सांगितले जाते: आधी सगुणात मन रमू द्या, निर्गुणाची चर्चा नंतर. क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘नंतर’ म्हणून पुढे ढकललेली चर्चा येतच नाही, असेही घडते, आणि मग आकारच शेवटचा ठरतो. आपल्या गणितपरंपरेने असे केले नाही. आर्यभटाने 499 मध्ये 20,000 व्यासाला 62,832 परीघ दिला, तेव्हाच ही किंमत जवळची आहे असे त्याने स्वतः सांगितले. पुढे 1500 च्या सुमारास गणिती नीलकंठाने त्याचे कारण लिहिले: ज्या मापाने व्यास पूर्ण मोजला जातो, त्याच मापाने परीघ मोजायला गेले की काही ना काही शेष राहतोच, माप कितीही बारीक घ्या. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दोन गुणोत्तरे दिली, बारीक कामाला 3927/1250 आणि व्यवहाराला 22/7, आणि कोणते सूक्ष्म, कोणते स्थूल हेही सांगितले. ‘लीलावती’ विद्यार्थ्यांसाठीच होती. त्यांना ही कटकट झेपणार नाही असे तिच्या कर्त्याला वाटले नाही.

त्याच ‘लीलावती’त प्रोग्रॅमरने जसाच्या तसा उचलावा असा एक तक्ता आहे. 1,20,000 व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृत्यांच्या बाजू, त्रिकोणापासून नवकोनापर्यंत: 1,03,923, 84,853, 70,534, 60,000, 52,055, 45,922, 41,031. शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळाखाली बाजूंची संख्या वाढवणारी सरकपट्टी द्या, शेजारी प्रत्येक वेळी फट किती उरली तो आकडा द्या आणि 3 ते 9 साठी भास्कराचार्यांचे आकडेही ठेवा. मूल सरकपट्टी ढकलत जाईल तसे यंत्राचे आणि आचार्यांचे आकडे पाच ठिकाणी जुळतील. सात आणि नऊ बाजूंवर मात्र प्रत्येकी सुमारे 11 चा फरक दिसेल. या दोन आकृत्या पट्टी-कंपासने अचूक काढताच येत नाहीत. त्यांच्या बाजूंना साध्या वर्गमुळांचा रस्ता नाही, आणि याची सिद्धता 1837 मध्ये पिएर वाँझेलने दिली. नेमक्या याच दोन ठिकाणी आकडे का फसले, हे त्या मुलाने विचारावे म्हणून फट झाकायची नाही.