परिचारिका आणि धूम्रपानी रोगी

फुप्फुसाच्या कर्करोगानें ग्रासलेल्या मनुष्यास ‘आतां तरी विडी सोडा’ असें म्हणणें न्याय्य आहे काय? व्हावयाचें तें होऊन चुकलें; मग बापड्याचें उरलेलें सुख कां हिरावावें, असें पुष्कळांस वाटतें. ही दया दिसावयास मोठी. पण तिनें रोग्यास जिवंतपणींच मृतांत जमा केलेलें असतें. १९५० सालीं डॉल व हिल यांनीं इंग्लंडांत धूम्रपानाचा या रोगाशीं असलेला निकट संबंध दाखविला. पुढील संशोधनावरून असेंही दिसून आलें आहे कीं, निदानानंतर धूम्रपान सोडणारे सामान्यतः अधिक काळ जगतात, व शस्त्रक्रियेनंतर त्यांस उपद्रवही कमी होतात.

हें सांगण्याचा अधिकार विशेषेंकरून परिचारिकेचा. कारण डॉक्टर घटकाभर येतो, ती उशाशीं असते. मात्र तिनें न्यायाधीश होऊं नये. रोगी बहुधा अगोदरच स्वतःस दोष देत असतो; दटावलें कीं तो विडी सोडीत नाहीं, लपवितो. निकोटिनाची ओढ केवळ उपदेशानें सुटत नाहीं. तलफ बहुधा कांहीं मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तिनें बोलत बसावें, पाणी द्यावें. डॉक्टरांच्या संमतीनें निकोटिनाची पट्टी मिळवून द्यावी. घरच्या मंडळींनाही त्याच्यासमोर न ओढण्याविषयीं विनवावें. तो पुन्हां घसरला, तर न रागावतां पुन्हां आरंभ करावा.

‘तुम्हींच हें ओढवून घेतलें’ हें वाक्य कित्येकदां खरें असेल. पण त्यानें कोणाचें कल्याण होत नाहीं. ‘अजून तुमच्या हातीं कांहीं आहे’ हेंही खरेंच आहे. आणि शुश्रूषेचा धर्म तें बोलण्यांत आहे.