सोवळ्याची कसर

दसऱ्याच्या सुमारास हवेतली ओल गेली की मी कपाट उपसते. सासऱ्यांचा मुकटा, आजेसासूबाईंची धाबळी, माझी येवल्याची पैठणी, सगळं मलमलीच्या फडक्यांतून बाहेर येतं. पैठणीची घडी दर खेपेला जागा बदलून घालायची, नाहीतर जर त्याच रेघेवर तुटते. तिला कडक ऊन नको, सावलीतला वारा पुरे. प्लास्टिकच्या पिशवीत तर ठेवूच नये. ओल कोंडते आणि जर काळवंडते. सुती साड्या मात्र खळ पार धुऊन काढूनच ठेवायच्या. खळीवर जगणारी कसर वेगळी, लोकर-रेशीम कुरतडणारी वेगळी.

सोवळ्याचे नियमही असेच कापडागणिक वेगळे. सुती सोवळं रोज धुऊन, कुणाचा हात न लागता वाळायला हवं. रेशमाला आणि लोकरीला सवलत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीची यादी आहे: रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीनं, नेपाळी कांबळं रिठ्यानं, क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड पांढऱ्या मोहरीनं. हे वाचलं तेव्हा मला धर्मशास्त्रापेक्षा परटाचं शहाणपणच जास्त दिसलं. रेशीम रोज बडवलं तर चार महिन्यांत चिंध्या होतील, हे त्या लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते पावित्र्याचा बराचसा भाग असा वस्तूच्या स्वभावाला जपण्यातून आला आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

अडतं ते पुढेच. कापडाला एवढं जपणाऱ्या नियमाला किड्याची आठवण का नाही? तुतीच्या रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोष आतल्या जिवासकट उकळतात. किलोभर कच्च्या रेशमाला असे काही हजार कोष लागतात. तेच नेसून आम्ही देवापुढे बसतो, आणि ते टिकावं म्हणून डांबरगोळ्या ठेवून दुसऱ्या अळ्या मारतो. (गोळ्यांची वाफ तान्ह्या बाळांना बाधते, म्हणून नात झाल्यापासून आमच्याकडे वेखंडाच्या पुरचुंड्या आल्या. तेव्हाही विचार नातीचाच होता, अळ्यांचा नव्हे.)

सून म्हणाली, ‘‘आई, आसामचं एरी घ्या. त्याचा कोष एका बाजूनं उघडा असतो, पाखरू निघून गेल्यावर कापसासारखं सूत काततात.’’ खरं आहे. पण तिकडे बऱ्याच घरांत कोषातली अळी काढून आवडीनं खातात, हेही खरंच. मला तर तो व्यवहार आमच्यापेक्षा सरळ वाटतो. निदान कुणी त्या अळीला सोवळ्याआड लपवत नाही.

नवं रेशीम घेणं मी बंद केलंय. जुनं टाकणार नाही. टाकून कुणाचा जीव परत येत नाही, आणि ज्यांचे जीव गेले त्यांचं काम कसरीच्या तोंडी देणं मला दुप्पट वाईट वाटतं. यंदा गौरींना सुती नऊवारी नेसून बसले. गुरुजींनी एकदा पाहिलं आणि संकल्प सांगायला लागले.