म्हाताऱ्यांचे धन



स्मृतिस्थळातील एक प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. केशिराजबास हे संस्कृतचे गाढे पंडित. शास्त्रनिरूपण संस्कृतात आणावे असा त्यांचा मानस झाला, तेव्हा आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस निवारिले. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असे कारण त्यांनी दिले. हा प्रसंग आपण प्रत्येक चातुर्मासात सांगतो आणि सांगून झाला की मराठीच्या अभिमानाकडे वळतो. त्यातील 'नागवणे' या क्रियापदापाशी थांबणारे निरूपणकार मात्र मी थोडेच पाहिले.

म्हाताऱ्यांना ते समजणार नाही, असे साधे कारण आचार्यांना देता आले असते. त्यांनी शब्द योजिला तो वाटमारीचा. वाटसरू नागवला जातो तो त्याच्याजवळ गाठोडे असते म्हणून; रिकाम्या हाताच्या माणसाला चोर काय नागवणार? तेव्हा आचार्यांच्या मते ब्रह्मविद्या ही त्या म्हाताऱ्यांच्या पदरी आधीच पडलेली होती. पंडितांनी ती त्यांस कृपा म्हणून द्यावयाची होती, असे नव्हे. ती त्यांच्या बोलीत त्यांच्या स्वाधीन झालेली होती आणि बोली पालटली असती तर मालकी पालटली असती. एका क्रियापदात एवढा विचार आहे.

या म्हाताऱ्या कोण? महदाइसा त्यांतील अग्रगण्य. सतत काही ना काही पुसत राहणारी म्हणून स्वामींनी तिचे कौतुक केले. तिच्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे आज आपले शास्त्र आहेत. रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी तिने गायिलेले धवळे मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून विद्यापीठांतून शिकविले जातात. हिराइसा दुसरी. सुलतानी धाडींत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, तेव्हा जे पाठ स्मरणातून पुन्हा सिद्ध झाले, त्यांत हिराइसेच्या स्मरणाचा पाठ परंपरा आदराने सांगते. पोथी संस्कृतात असती तर ती या बाईच्या कंठात कोठून राहिली असती? माणूस आपल्या बोलीतले ऐकलेले जन्मभर वागवितो. परक्या भाषेतले पाठ करावे लागते.

आता कोणी म्हणेल, मग मराठी ही आपली जन्मभाषा म्हणूनच पंथाची भाषा झाली. येथे थोडे सावध व्हावे लागते. स्वामींचा अवतार भडोचचा, गुर्जरदेशीचा, प्रधान विशाळदेवांच्या घरचा. राजकुळातील त्या घरी मराठी बोलली जात नव्हती. म्हणजे ज्या मुखातून आपले शास्त्र मराठीत निघाले, त्या मुखाची जन्माने ती बोली नव्हे. परमेश्वर जीवोद्धरणासाठी मनुष्यवेष स्वीकारतात असे आपण मानतो. मनुष्यवेष म्हणजे केवळ हात-पाय नव्हेत. मनुष्याला जिव्हा आहे, आणि जिव्हेला कोणती तरी एकच एक बोली वळण लावते. जीवांसाठी वेष घेणाऱ्याने बोलीही त्या जीवांचीच घेतली. हा स्वीकार आहे, आणि स्वीकारलेल्या गोष्टीत जन्माच्या गोष्टीपेक्षा हेतू अधिक स्पष्ट दिसतो.

स्वामींनी महाराष्ट्रात असावे असे सांगितले. कानड व तेलंग देश विषयबहुल म्हणून तिकडे न जावे असेही सांगितले. त्यावर भाष्यकारांना स्वाभाविकच प्रश्न पडला की महाराष्ट्र म्हणजे कोठून कोठवर? स्वामींच्या काळी देवगिरीचे यादव राज्य करीत होते, त्यांची सीमा सांगता आली असती. आचारभाष्याने ती सांगितली नाही. फलटणापासून दक्षिणेस जेवढ्या ठायी मराठी वर्तते तेवढे एक मंडळ, मग बालाघाटापर्यंतचे, मग दोन्ही गोदातीरे, मग मेघंकर घाट, मग सगळे वऱ्हाड. आणि ही निरनिराळी मंडळे का? भाषेत किंचित किंचित पालट आहे म्हणून. सर्व मिळून मात्र महाराष्ट्रच. राजाच्या नावाने देश सांगण्याच्या काळात देशाची मोजणी बोलीने केली गेली, आणि ती करताना फलटणची बोली खरी व वऱ्हाडची अशुद्ध असा भेद भाष्यकारांनी कोठेही केला नाही.

हे मी मुद्दाम सांगतो. आमच्याकडे वऱ्हाडातून मुले येतात. शहरातील शाळेत काही वर्षे काढून आलेला असा एक मुलगा पहिले कित्येक दिवस जवळजवळ मुकाच होता. 'डोळा' म्हणायचे तेथे तो 'डोया' म्हणे, 'करीत आहे' ऐवजी 'करून राह्यलो' म्हणे, आणि वर्गातील हशाने त्याला शिकविले की आपले बोलणे म्हणजे आपले उणेपण. बोलीची लाज वाटू लागली की ती आईपर्यंत जाते. आईही तसेच बोलते ना! त्या मुलाला मी रिद्धपूरचरित्र वाचावयास दिले. म्हाइंभट हे विद्येच्या अभिमानाने वादासाठी आलेले पंडित. परंतु त्यांनी श्रीप्रभूंचे बोल लिहिले ते जसे कानी आले तसे, पुनरुक्तीसह, सलगीसह, रागासह. त्यांवर व्याकरणाची कानस चालविली नाही. ज्या भूमीत तो मुलगा जन्मला, त्याच भूमीतील तो ग्रंथ. तो वाचून त्याची भाषा पालटली नाही. त्याचा आवाज मात्र परत आला.

आपल्या शास्त्राप्रमाणे जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न. भाषा प्रपंचात मोडते. 'मी मराठी', 'मी पंजाबी', 'मी वऱ्हाडी' हे सर्व जीवावर चढलेले थर आहेत. अनुसरण घेणाऱ्याने गाव, कूळ, आप्त यांच्याबरोबर हाही अभिमान ठेवून द्यावयाचा आहे. त्यामुळे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा मला आनंद झाला हे खरे. तथापि आपल्यातील काही जण जणू मराठी ही आपली खाजगी जहागीर असल्यासारखे बोलू लागले, ते मला रुचले नाही. ज्या पंथाने सकळ, सुंदरी अशा लिप्यांत आपले ग्रंथ शतकानुशतके झाकून ठेवले, त्याने थोडे बेतानेच बोलावे. त्या झाकण्याला त्या त्या काळाची कारणे होती. धन राहिले हे खरे, पण विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्यांनी त्या लिपीची उकल लोकांपुढे मांडीपर्यंत बाहेरच्या मराठी माणसाला आपण कोण हे कळले नाही, आणि न कळल्याची किंमत आपण निंदेच्या रूपाने भरली.

मग भाषेने घडविलेली ओळख सोडावयाचीच असेल, तर भाषेची एवढी चिंता का? याचे उत्तर मला सूत्रपाठातील एका लहानशा शब्दात सापडते. स्वामी स्वतःविषयी बोलताना 'मी' म्हणत नाहीत. ते 'एथ' म्हणतात, 'एथौनि' म्हणतात. म्हणजे येथे, येथून. जीव 'मी' म्हणतो, कारण त्याला अविद्येने धरले आहे आणि 'मी' हा त्या पकडीचा उच्चार आहे. परमेश्वराच्या मुखी ते सर्वनाम शोभत नाही. आपल्या सिद्धान्ताचा केवढा भाग या एका शब्दयोजनेत आहे, हे निराळे सांगावयास नको. आणि ही सोय त्या वेळच्या बोलीने दिली. ती कोणत्याही भाषेत आपोआप मिळेल असे नाही.

आजची अडचण नेमकी येथे आहे. तेराव्या शतकातील ती मराठी आजच्या वासनिकाला जवळजवळ तेवढीच दूरची झाली आहे, जेवढे महदाइसेला संस्कृत होते. 'पुसिले', 'वर्ते', 'नावेक' येथे नवी पिढी अडखळते. जुना शब्द जुना म्हणून पूजीत बसलो, तर केशिराजबासांना जे करू दिले नाही तेच आपण मराठीच्या नावाने करू, आणि आजच्या म्हाताऱ्या नागविल्या जातील. उलट सूत्रच सरळ आजच्या मराठीत फिरविले, तर 'एथ'च्या जागी 'मी' येऊन बसतो. माझे मत असे की सूत्र जसे आहे तसे राहावे, त्याचा एक वर्णही हलू नये. परंतु निरूपण श्रोत्याच्या बोलीत व्हावे, मग ती वऱ्हाडी असो, अहिराणी असो, हिंदी असो. भीष्माचार्यांनी पंचवार्तिकात मराठीच्या व्याकरणाचा विचार केला. आद्य व्याकरण म्हणून आज त्याचा गौरव होतो. आपल्या दृष्टीने त्याचे मोल हे की सूत्राचा शब्द न ढळता त्याचा अर्थ लागावा. त्या परिश्रमाची आज पुन्हा गरज आहे, आणि तो परिश्रम टाळण्यासाठी केलेले सोपे भाषांतर मला मान्य नाही.

उत्तरेकडे आपला पंथ जयकृष्णी म्हणून ओळखला जातो. पंजाबात कित्येक घरे अशी आहेत की घरात पंजाबी, बाजारात हिंदी आणि स्मरणाच्या वेळी मराठी. त्यांच्या पूर्वजांपैकी कोणीही गोदातीरी जन्मले नव्हते. तरी ती माणसे आठवणीने 'दंडवत' म्हणतात. त्यांना मराठी कोणी जन्माने दिली नाही. स्वामींप्रमाणे त्यांनीही ती स्वीकारली आहे. 'भ' आणि 'घ' यांचा उच्चार तिकडे निराळ्या स्वरात होतो, त्याला हसणारे आपल्याकडील साधू मी पाहिले आहेत. हसणाऱ्यांपैकी एकाला स्वतःला 'ळ' म्हणता येत नव्हता, आणि पंजाबी जिभेवर 'ळ' सहज बसतो, हे जाता जाता सांगतो.

तिकडच्या एका आश्रमात हिंदी भाषांतराचे वाचन चालू होते. वाचणारा तरुण शिकलेला, भाषांतरही स्वच्छ. स्वामींच्या वचनात 'मैं' आले. मागे बसलेल्या एका वृद्ध तपस्विनीने हात जोडून विचारले, "बाबाजी, पोथीत असे आहे का?" मी मूळ पाठ वाचून दाखविला. 'एथ' हा शब्द येताच तिने मान हलविली. पंजाबीत येथे याला 'एथे' म्हणतात. तिला अर्थ सांगावा लागला नाही. पुढचे चार दिवस तो तरुण मूळ सूत्र आधी वाची, मग हिंदी अर्थ सांगे, आणि 'एथ' आला की थांबून तिच्याकडे पाही.