काटा येतो तो कशाला?

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ‘जमुना के तीर’ ही भैरवीतली ठुमरी जुन्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांची. मुद्रणात खरखर आहे, साथ पुसट आहे. तरीही आवाज तार सप्तकात जाऊन स्थिरावतो आणि ऐकणाऱ्याच्या हातावर सर्रकन काटा येतो. गाणारा मुसलमान, शब्द यमुनाकाठचे, ऐकणाऱ्यांत देव मानणारे आणि न मानणारे दोन्ही. मग ही दाद नेमकी कशाला? देवाला, शब्दांना, की नुसत्या सुराला?

इसवी सन 400च्या सुमारास संत ऑगस्टीनला हाच प्रश्न छळत होता. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात तो कबुली देतो की, गायलेल्या आशयापेक्षा गाण्यानेच मन हलले तर ते त्याला पाप वाटते. चर्चमधून गाणे हद्दपार करावे, इथवर त्याचा विचार जातो. मिलानमध्ये स्तोत्रे ऐकताना ढाळलेले अश्रू आठवतात, आणि शेवटी तो गाण्याच्या बाजूने कौल देतो. पण शंका काही जात नाही.

भरतमुनींनी ही गोष्ट वेगळ्या बाजूने पाहिली. नाट्यशास्त्रात रोमांच हा अश्रू, कंप, स्वेद यांच्यासोबत आठ सात्त्विक भावांत बसतो. हे भाव चित्त एकाग्र झाल्याशिवाय साधत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे जे अंगावर आपसूक उमटते, त्याचे मूळ जागृत मनात आहे.

आजचे विज्ञान या म्हणण्याच्या बरेच जवळ येते. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, इतकाच काट्याचा शारीरिक खुलासा. पण 2001 साली मॉन्ट्रियलच्या अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झाटोरे यांनी 10 जणांना त्यांच्या आवडीचे संगीत ऐकवून मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा अन्न आणि प्रणय यांच्या सुखाशी जोडलेले भाग उजळलेले दिसले. खरी गंमत प्रयोगाच्या रचनेत आहे. एकाला शहारे आणणारी रचनाच दुसऱ्याला भावशून्य नमुना म्हणून ऐकवली होती. काटा नुसत्या स्वरांत असता तर हे जमलेच नसते.

काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी हजार वर्षांपूर्वी ‘तंत्रालोका’त याचे मर्म सांगितले आहे. मधुर गीत ऐकताना माणसाचा तटस्थपणा गळून पडतो आणि हृदयात स्पंदन उठते. ती आनंदशक्ती, आणि तिच्यामुळेच माणूस सहृदय ठरतो. ऑगस्टीनला जी वाटचूक वाटली, तीच इथे वाट होते.

नीट लावलेल्या तंबोऱ्यात याचा छोटा पडताळा मिळतो. खर्जाची तार छेडली की त्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भौतिकशास्त्राच्या लेखी तो त्या तारेचा पाचवा स्वरांश आहे, आणि ते खरेच आहे. मात्र हे कारण ठाऊक असलेल्या गवयाचेही डोळे त्या गंधारावर मिटतात. खुलासा मिळाला म्हणून अनुभव खोटा पडत नाही, आणि अनुभव आला म्हणून देव सिद्धही होत नाही.

ऑगस्टीनची भीती अगदीच पोकळ नव्हती, हेही मान्य करायला हवे. युद्धगीतांनी आणि सभेतल्या घोषणांनीही अंगावर काटा येतो, आणि त्या तंद्रीत माणसे काहीही करून बसतात. काटा एवढेच सांगतो की ऐकणारा आता काठावर उभा नाही. तो कुठल्या पाण्यात उतरला आहे, हे त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. मिरजेच्या दर्ग्यात, जिथे खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत, उरुसाला दरवर्षी गाणे होते. तिथे बसणाऱ्या हिंदू-मुसलमान श्रोत्यांचे देवाबद्दल एकमत असावे लागत नाही.