चकाकी कुठून आली?

खिडकीतून सकाळचं तिरपं ऊन येतं, तेवढा अर्धा तास मी नाणी बघतो. भर उजेडात सगळीच चमकतात. तिरप्या उन्हात चकाकीची जात कळते.

आज हातात आहे आबाजींच्या डब्यातलं दहा रुपयांचं नाणं. 1969मध्ये गांधी जन्मशताब्दीसाठी निघालेलं, 15 ग्रॅमचं, 80 टक्के चांदीचं. सोबतच्या चिठ्ठीवर आबाजींच्या अक्षरात एकच शब्द : 'प्रूफ'. काठाला काळपट छटा आली आहे, तरी मधल्या भागात माझी बोटं दिसतात. वर्षानुवर्षं मीही त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला.

प्रूफ नाणं मुळात टाकसाळीने मनावर घेऊन घडवलेलं असतं. चकती आधीच आरशासारखी केलेली, साचाही तसाच घासलेला, आणि जबर दाबाखाली निदान दोनदा छाप. त्यामुळे धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. कड चौकोनी, धारदार येते. दोन अक्षरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतही आरसा असतो. प्रूफलाइकची, म्हणजे प्रूफसारख्या दिसणाऱ्या नाण्याची, गोष्ट साधी. चकती रोजचीच, छाप एकदाच. फक्त साचा नवा किंवा नुकताच घासलेला. त्याची पहिली काही नाणी लखलखीत निघतात. मग साचा झिजत जातो आणि चमकही.

आबाजींच्या नाण्याची कड भिंगाखाली किंचित गोलसर दिसली. अक्षरांच्या पोटात आरसा नाही. आणि टाकसाळीची खूण? मुंबईचा नेहमीचा छोटा हिरा. त्या काळी मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर इंग्रजी 'बी' असे, पुढे त्याचा 'एम' झाला. म्हणजे हे प्रूफ नव्हे. मला वाईट वाटलं नाही. नव्या साच्याची पहिली चमक अंगावर घेऊन आलेलं नाणं मला तितकंच मोलाचं वाटतं. मात्र त्याला दुसऱ्याच्या नावाने कुणी विकू नये.

तिसरी चकाकी मात्र खरोखर घातक. आमचं भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. चिंच लावून घासायचं हे इथे हातालाच माहीत. काकूंनी नाणं पाहिलं आणि म्हणाल्या, "आण तं इकडे, दोन मिनिटांत चमकवून देते." मायेनंच म्हणाल्या. पितळेच्या गुंडाला ते चालतं, नाण्याला नाही. साचा घासताना त्यावर पडलेल्या रेघा नाण्यावर उठून दिसतात आणि अक्षराच्या कडेशी थांबतात. नाणंच घासलं, तर ओरखडे आत रुततात आणि अक्षरांवरून, चेहऱ्यावरून सरळ पलीकडे जातात. भिंग धरलं की हा फरक लपत नाही. टाकसाळीतली चकाकी साच्यातून येते. चिंचेची चकाकी नाण्याचं अंग खरवडून येते.

आबाजींची चिठ्ठी मी फाडली नाही. तिच्याखाली लिहिलं : प्रूफलाइक, मुंबई, हिरा.

तुमच्याही घरात देव्हाऱ्यात किंवा कपाटात असं एखादं नाणं असेल. त्याला चिंच, राख, पितांबरी काहीच लावू नका. कडेला धरून उचला, काळपट थर तसाच राहू द्या. एकदा घासलेलं नाणं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.