उणिवांची नोंद कुणासाठी?

नव्याने रुजू झालेल्या इंग्रजीच्या शिक्षकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुमची बलस्थाने कोणती आणि सुधारणा कुठे हवी? बी.एड.च्या फायलीत हा प्रश्न असतो, प्रशिक्षणाच्या अभिप्रायपत्रकात असतो, स्वयंमूल्यमापनाच्या तक्त्यातही असतो. उत्तरेही जणू आधीच ठरलेली असतात. एका रकान्यात ‘विषयाची आवड’, ‘तंत्रस्नेही’, ‘विद्यार्थ्यांशी जवळीक’. दुसऱ्यात ‘संभाषण कौशल्य वाढवणे’. यवतमाळच्या शिक्षकाचा कागद सांगलीच्या शिक्षकाच्या नावावर सहज खपून जाईल. याचा दोष शिक्षकाच्या आळसावर टाकणे सोपे आहे, पण ते खरे निदान नव्हे. माणूस आपल्या कामातले उणे किती मोकळेपणाने सांगेल, हे तो कुणापुढे सांगतो आहे यावर ठरते. इंग्रजी शिकवण्याच्या आपल्या इतिहासात हा ‘कुणापुढे’ वेळोवेळी बदलत गेला आणि त्याबरोबर चांगल्या शिक्षकाची कल्पनाही बदलली. तो प्रवास पाहिला, तर रकान्यात काय लिहावे यापेक्षा तो रकाना कुणाच्या हाती जावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटू लागतो.

पहिल्या टप्प्यात शिक्षकाने स्वतःविषयी काही म्हणावे अशी अपेक्षाच नव्हती. शाळा तपासायला डिपोटी, म्हणजे सरकारी निरीक्षक, येई, मुलांची परीक्षा घेई आणि शेरा लिहून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक अनुदानित शाळांचे अनुदानच परीक्षेच्या निकालावर बेतलेले असे. ही पद्धत सोडून द्यावी, असे हिंदुस्थान सरकारच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात म्हटले गेले; तिने लावलेली नजर मात्र पुढे बराच काळ टिकली. इंग्रजीचा मास्तर चांगला म्हणजे ज्याचे व्याकरण पक्के आणि भाषांतर चोख. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी मुलखाच्या कितीतरी पिढ्यांना इंग्रजीची वाक्यरचना दिली, तीही याच समजुतीतून. या व्यवस्थेला कमी लेखण्याचे कारण नाही. मातृभाषेचा आधार घेऊन परकी भाषा शिकवायची, हे शहाणपण तिच्यात होते. पण तीत उणीव शोधण्याचा अधिकार फक्त बाहेरच्या माणसाला होता. स्वाभाविकच, डिपोटी येण्याच्या दिवशी ती झाकून ठेवणे हे मास्तरांचे कसब ठरले.

स्वातंत्र्यानंतर निरीक्षकाची जागा पद्धतीच्या तज्ज्ञाने घेतली. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था उभी राहिली. ठरावीक वाक्यरचना क्रमाने, तोंडी सरावातून शिकवायच्या, हा विचार त्या काळात देशभर पसरला. आता बलस्थान म्हणजे पद्धत तंतोतंत राबवणे आणि कमतरता म्हणजे तिच्यापासून ढळणे. पुढे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या काही शाळांत बंगलोर प्रकल्प चालवला. वाक्यरचना घोकून घेण्याऐवजी मुलांना डोके लावावे लागेल अशी कामे द्यायची, भाषा त्या ओघात येते, असे त्याचे सूत्र होते. याच प्रभूंनी १९९० मध्ये सर्वोत्तम पद्धत अशी काही नसतेच, असे ठाम प्रतिपादन केले. शिकवण्यातून शिकणे कसे घडते याविषयी शिक्षकाच्या मनात एक जिवंत धारणा असते. ती जागी राहिली तर कुठलीही पद्धत चालते, ती यांत्रिक झाली तर उत्तम पद्धतही मरते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पद्धत घडवणाऱ्यानेच पद्धतीची मर्यादा दाखवली आणि निर्णय शिक्षकाकडे आणून दिला, म्हणून या भूमिकेला विशेष वजन आहे.

शिक्षकाने स्वतःच्या कामाकडे पाहावे, ही कल्पना तोवर इतर वाटांनीही पुढे आली होती. खरा विचार अडखळण्यातून सुरू होतो, हे जॉन ड्युई यांनी १९१० मध्येच मांडले होते. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांच्या संदर्भात दाखवले, की जाणते लोक काम करता करता आणि काम झाल्यावर स्वतःची तपासणी करतात, आणि तेच त्यांच्या ज्ञानाचे उगमस्थान असते. १९८६ मध्ये ली शुलमन यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला: विषय येणे वेगळे आणि तो विषय शिकणाऱ्याला कुठे अडतो हे कळणे वेगळे. भारतात २००९ च्या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्याने चिंतनशील शिक्षकाचा पुरस्कार केला आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा शाळेतल्या दीर्घ अनुभवाला आणि त्याच्या नोंदींना अभ्यासक्रमात स्थान मिळाले. घोटाळा इथेच झाला. शॉन यांच्याकडे चिंतन ही कामाची रीत होती. आपल्याकडे ते गुणांसाठी सादर करायचे दप्तर झाले. डिपोटी गेला, पण शेरा मात्र आता शिक्षकाने स्वतःच स्वतःवर लिहून द्यायचा, असा प्रकार झाला.

या इतिहासाचा कस यवतमाळसारख्या जिल्ह्यात लागतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी दीर्घकाळ ते पाचवीपासून होते. परिणामी, ज्यांना स्वतःला इंग्रजी पाचवीत भेटले, असे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतले शिक्षक, सगळे विषय शिकवता शिकवता इंग्रजीचेही शिक्षक झाले. त्यांच्यासमोरचा वर्गही एकभाषी नाही. पुसद, दिग्रस भागातल्या बंजारा तांड्यांवरून येणारे मूल घरी गोरमाटी बोलते. केळापूर, झरी-जामणी, घाटंजीकडच्या पोडांवर (आदिवासी वस्त्यांवर) कोलामी आणि गोंडी ऐकू येते. सीमेलगत तेलुगू आहे, गावोगाव वऱ्हाडी आहे, उर्दूही आहे. अशा मुलासाठी पुस्तकातली प्रमाण मराठी हीच अर्धी परकी, आणि इंग्रजी तिच्याही पलीकडची. इथे ‘माझे उच्चार चांगले नाहीत’ ही उणीव पहिल्या क्रमांकाची ठरत नाही. आपल्या वर्गातल्या मुलाला घरच्या भाषेतून काय येते, हे माहीत नसणे ही त्याहून मोठी उणीव आहे, आणि कुठल्याही तक्त्यात तिच्यासाठी रकाना नसतो.

याच न्यायाने बलस्थानही उलटे पाहावे लागते. हंगेरीचे पेटर मेद्येश यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही त्या शिक्षकाकडे काही खास ताकदी असतात: तो स्वतः त्या वाटेने गेलेला असतो, अडचण आधी ओळखतो, मुलांची भाषा जाणतो. आपल्या संदर्भात हे अगदी नेमके सांगता येते. मराठी आणि गोरमाटी एका कुळातल्या, गोंडी, कोलामी, तेलुगू द्राविडी कुळातल्या. पण क्रियापद शेवटी ठेवण्याची आणि संबंध दाखवणारा प्रत्यय वा शब्द नामाच्या मागे जोडण्याची सवय सर्वांची सारखी. इंग्रजी या दोन्ही ठिकाणी उलटी चालते. म्हणजे वर्गातली मुले पाच भाषांतून आली असली, तरी इंग्रजी वाक्य रचताना ती बहुधा एकाच वळणावर अडखळणार. हे ओळखणारा वणीचा किंवा आर्णीचा नवा शिक्षक, उच्चार अस्खलित असलेल्या पण हे ठाऊक नसलेल्या शिक्षकापेक्षा पहिल्या दिवसापासून पुढे आहे. त्याने ही ताकद स्वतःच्या नावावर मांडायला हवी. ती गावठीपणाची खूण समजून लपवायला नको.

यावर पहिला आक्षेप असा, की शिक्षकाचेच इंग्रजी कच्चे असेल तर या चिंतनाने काय साधणार? आक्षेप रास्त आहे. आत्मपरीक्षण हा भाषाज्ञानाला पर्याय नव्हे. पण ‘माझे इंग्रजी कच्चे आहे’ या वाक्यावर काहीच उपाय करता येत नाही, कारण त्यात काय कच्चे हे सांगितलेले नसते. ‘सूचना इंग्रजीत सुरू करतो, पण मुलाने प्रश्न विचारला की मराठीवर येतो’ किंवा ‘सातवीतली मुले फळ्यावरचे वाक्य बिनचूक उतरवतात, स्वतःचे करताना क्रियापद शेवटी टाकतात’ अशी नोंद असेल, तर उद्याच्या तासाला काय करायचे ते तिथेच ठरते. ‘असर’ या शैक्षणिक स्थितीच्या अहवालासाठी झालेल्या २०२२ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतली सुमारे एक चतुर्थांश आणि आठवीतली निम्म्याहून थोडी कमी मुले साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकली. शिक्षकाचा आत्मविश्वास, त्याचे अॅप, त्याचे भित्तिपत्रक यांचे मोल अखेर या आकड्यासमोर ठरायचे आहे. म्हणून परीक्षणाचा पुरावा शिक्षकाच्या भावनेत शोधू नये. तो मुलांच्या वह्यांत आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोनशिक्षकी शाळा, एकाच खोलीत दोन-तीन वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती. यात चिंतन कुठे बसवायचे? नवी वही वाढवायची असेल तर ते खरोखरच बसणार नाही. पण पाठाचे टाचण शिक्षक काढतातच. त्यात उद्या काय शिकवणार हे असते. काल काय शिकले गेले, याला जागा नसते. टाचणातला ठराविक मजकूर निम्म्यावर आणून त्याखाली तासानंतरच्या तीन ओळी लिहिता आल्या, तर एक मिनिटही जास्त लागणार नाही. अडचण वेळेची कमी आणि टाचण साहेबांना दाखवण्यासाठी असते, या समजुतीची जास्त आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप उत्तरदायित्वाचा आहे. पगार जनतेच्या पैशातून होतो, तर शिक्षकाच्या उणिवा गुप्त का ठेवायच्या? पण नव्या शिक्षकाची स्थिती पाहा. ज्या २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, त्याच वर्षी शिक्षण सेवक योजनाही आली. तीन वर्षे मानधनावर काम, मग समाधानकारक सेवेनंतर कायम नेमणूक. २०२३ पासून हे मानधन स्तरानुसार सोळा, अठरा आणि वीस हजार रुपये झाले. त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजारच होते. ज्याची नोकरी अजून पक्की व्हायची आहे, त्याने वरिष्ठांकडे जाणाऱ्या कागदावर आपली खरी कमजोरी लिहावी, ही अपेक्षा भाबडी आहे. त्याने न लिहिणे हा शहाणपणाच ठरतो. उत्तरदायित्व हवेच, ते मुलांच्या वाचन-लेखनाच्या तपासणीतून घ्यावे. कबुलीजबाबावरून घेतले, तर उत्तरदायित्वही मिळत नाही आणि कबुलीही खोटी होते.

मग उणीव सांगायची कुणापुढे? बरोबरीच्या माणसांपुढे. २०१६ मध्ये ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या साह्याने राज्यातल्या काही जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘तेजस’ प्रकल्पाचा गाभा इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे छोटे गट हाच होता. वेगळ्या प्रकल्पाची वाट पाहण्याचेही कारण नाही. केंद्र पातळीवरची शिक्षण परिषद आपल्याकडे आहेच. केंद्रप्रमुखांनी तिच्यातला एक तास परिपत्रकांच्या वाचनातून सोडवावा आणि शिक्षकांना मुलांच्या वह्या घेऊन बसू द्यावे. त्या तासाचा अहवाल मागू नये, फोटो मागू नये. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने कोलामी, गोंडी, गोरमाटी जाणणाऱ्या शिक्षकांना त्या तासात बोलते करावे. आणि नव्या शिक्षकाने आपल्या बलस्थानांच्या यादीत पहिली ओळ ‘मला माझ्या वर्गाच्या भाषा कळतात’ अशी लिहिता येईल, इतकी तयारी पहिल्या वर्षातच करावी. उरलेले इंग्रजी शिकता येते. वर्ग ओळखण्याचे काम दुसरा कुणी करून देत नाही.