जयाचे वाटेकरी

सन २०१८ च्या पहिल्याच दिवशी इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाच्या क्रिकेट-संघाने दिल्लीच्या संघाचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच आपल्या प्रांतात आणला. त्या सायंकाळी अमरावतीस आम्हांस जो जो परिचित भेटला, त्याने नववर्षाच्या शुभेच्छांच्याही आधी एकच वाक्य उच्चारले : 'आपण जिंकलो!' आम्हीही तेच वाक्य परत उच्चारून त्याच्या आनंदात आपला आनंद मिसळला. घरी येऊन स्वस्थ बसल्यावर मात्र मनात एक शंका उभी राहिली व ती अद्याप पुरती गेलेली नाही. 'आपण' जिंकलो, म्हणजे नक्की कोण जिंकले? त्या चार दिवसांत आम्ही एक चेंडू टाकला नव्हता, की एक धाव काढली नव्हती. आमच्या श्रमाचा, द्रव्याचा किंवा बुद्धीचा एक कणही त्या जयात नव्हता. मग त्या जयावर हक्क सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा आहे, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. शेजाऱ्याचा मुलगा परीक्षेत पहिला आला, तर आपण त्याच्या घरी पेढे खावयास जातो. 'आम्ही पहिले आलो' असे म्हणत नाही. दुसऱ्याच्या शेतातील कापसाची गाडी बाजारात आली म्हणजे तिला आपली म्हणणाऱ्या मनुष्यास काय म्हणावयाचे, हे अकोल्याच्या बाजारपेठेत कोणासही सांगावे लागत नाही. मग दुसऱ्याने घाम गाळून मिळविलेला जयच तेवढा बिनधास्तपणे आपला म्हणावयाचा, हे कोणत्या न्यायाने?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. विदर्भाचा संघ या स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळत आहे. म्हणजे पहिला करंडक हाती येण्यास साठ वर्षे लागली. त्या हंगामात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकास जिंकावयास १९८ धावा हव्या होत्या. त्यांचा डाव १९२ वर संपला आणि विदर्भ अवघ्या पाच धावांनी तरला. त्या डावात रजनीश गुरबानी याने सात गडी बाद केले. अंतिम सामन्यातही त्यानेच लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी त्रिफळाचीत केले. अक्षय वाडकर याने १३३ धावा काढल्या. अकोल्याचा आदित्य ठाकरे याने तर आपला पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना याच अंतिम झुंजीत खेळला. येथवर ऐकताना कोणाही वऱ्हाडी मनुष्याची छाती फुगेल. परंतु पुढचा तपशील फुगलेली छाती थोडी खाली आणणारा आहे.

संघाचे मार्गदर्शक चंद्रकांत पंडित हे मुंबईचे. विजयी धावा ज्याच्या फळीतून निघाल्या तो वसीम जाफर मुंबईचा. उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या डावात ८१ धावा काढून ज्याने संघास सावरले तो गणेश सतीश मूळचा कर्नाटकाचा, आणि प्रतिपक्ष होता तोही कर्नाटकच! त्या सामन्यात कर्नाटकातर्फे १५३ धावा काढून आपणांस घाम फोडणारा करुण नायर आणि अंतिम सामन्यात दिल्लीतर्फे १४५ धावा काढणारा ध्रुव शोरी हे दोघे सात वर्षांनी, २०२४-२५ च्या हंगामात, विदर्भाच्या संघातून खेळले. त्या वर्षी नागपूरच्या जामठा मैदानावर केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. त्यात नायर याच्या ८६ व १३५ धावांचा वाटा मोठा होता. आणि केरळाच्या बाजूने ७९ धावा काढून झुंजणारा आदित्य सरवटे कोण? तोच, ज्याने २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा गडी बाद करून दुसरा करंडक विदर्भास मिळवून दिला होता! जो काल आपला होता तो आज परका, आणि जो काल परका होता तो आज आपला. मग हे 'आपण' आहे तरी काय?

पहिले उत्तर जन्मभूमीचे. आपल्या मातीतला मुलगा जिंकला म्हणजे आपण जिंकलो, असे पुष्कळांचे म्हणणे असते. अकोल्याचा अथर्व तायडे याने ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात १४३ धावा काढल्या व विदर्भाने शेष भारताचा पराभव केला, तेव्हा अकोलेकरांस झालेला आनंद याच जातीचा होता व तो स्वाभाविकही आहे. परंतु या उत्तराने प्रश्न सुटत नाही. ज्या मातीचा आपण अभिमान बाळगतो, तिच्यात जन्म घेणे हा त्या मुलाचा पराक्रम नव्हे व आपला तर नव्हेच नव्हे. शिवाय हा न्याय प्रामाणिकपणे लावावयाचा, तर सतीशाच्या ८१ धावांचे श्रेय कर्नाटकास व नायराच्या शतकाचेही श्रेय कर्नाटकासच द्यावे लागेल. करंडक ठेवावयाचा आणि धावा तेवढ्या परत करावयाच्या, असे तर करता येणार नाही! आमच्या अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण अभिमानाने सांगतो. पण रुक्मिणी द्वारकेस गेली, ती द्वारकेचीच झाली. जन्माने जुळते ते एक नाते आणि पत्करल्याने जुळते ते दुसरे; दुसरे पहिल्याहून खोटे असते, असे आपल्या घरातील कोणत्याही सुनेस सांगून पाहावे!

दुसरे उत्तर याच्या उलट आहे. ते म्हणते : हे सारे पैशाचे खेळ आहेत, जो पगार देईल त्याच्याकडून खेळावयाचे, यात आपले-परके कसले? या बोलण्यात एक प्रकारची तुच्छता असते आणि ती आम्हां इंग्रजी शिकलेल्या वर्गात विशेष आढळते. तिचे मूळ परदेशी आहे. इंग्लंडात १९६२ पर्यंत एकाच संघातील हौशी 'सद्गृहस्थ' आणि पगारी 'खेळाडू' असे दोन वर्ग मानीत. कित्येक मैदानांवर दोघांस आत येण्याची दारेसुद्धा निराळी असत. वेतन घेतले की कामातील प्रेम नष्ट होते, ही समजूत ज्यास पोटाची काळजी नाही अशाच मनुष्याची असू शकते. आम्ही स्वतः तीस वर्षे वेतन घेऊन शिकवीत आलो. त्यामुळे आमचे विद्यार्थी आमचे नव्हते, असे कोणी म्हटल्यास आम्हांस ते सहन होणार नाही.

याविषयी आपल्या वऱ्हाडातील सालदाराचे उदाहरण अधिक बोलके आहे. पाडव्यास त्याचे साल ठरते. वर्षाचे वेतन ठरते. पुढल्या पाडव्यास तो दुसऱ्या वाड्यावर जाऊ शकतो. तरी त्या वर्षभर तो 'आमचे बैल', 'आमची तूर' असेच म्हणतो. पोळ्याच्या दिवशी बैलजोडी सजवून तोरणाखाली नेताना त्याच्या मुद्रेवर जो अभिमान दिसतो, तो भाड्याचा असतो असे म्हणण्याचे धाडस आम्हांस तरी होत नाही. ते बैल त्याचे नाहीत, पण ती निगा त्याची आहे. वेतनाने मनुष्याचे श्रम विकत घेता येतात. ते श्रम मन लावून करावयाचे की उरकून टाकावयाचे, हे मात्र वेतनाने ठरत नाही. तेवढा भाग तो आपण होऊन देतो, आणि जेवढा भाग आपण होऊन दिला तेवढ्यापुरता तो 'आपला' होतो.

येथे महाभारताची आठवण होते. भीष्म, द्रोण व कृप हे कौरवांच्या अन्नाने बांधलेले होते. शल्य तर पांडवांचा मामा. तोही दुर्योधनाच्या आदरातिथ्यात गुंतून त्याच्या पक्षास गेला. त्यांची निष्ठा आपणांस दुःखद वाटते, याचे कारण त्या युद्धात एक पक्ष धर्माचा व दुसरा अधर्माचा होता. अन्नास जागण्यासाठी त्यांस सदसद्विवेकाचे मोल द्यावे लागले. क्रीडांगणावर असे मोल द्यावे लागत नाही. तेथे केरळ अधर्मी नाही व विदर्भ धर्मपक्ष नाही. म्हणून सरवटे आपल्या जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध सर्व शक्ती पणास लावून खेळला, यात द्रोह नाही; शक्ती राखून खेळला असता, तरच तो द्रोह झाला असता. पण याच विचारातून आपल्याविषयी एक अप्रिय निष्कर्ष निघतो. ज्या अर्थी दोन्ही पक्ष सारखेच निर्दोष, त्या अर्थी आपल्या पक्षाच्या जयात न्यायाचा जय नाही. त्या आनंदाला नैतिक मूल्य असेल, तर ते जयातून येणार नाही. तो आनंद घेणाऱ्याच्या आचरणातूनच यावे लागेल.

मग पाहणाऱ्याचे आचरण कोणते? भागीदारीच्या व्यवहारात एक साधा नियम आहे : जो तोट्यात वाटेकरी नाही, तो नफ्यातही नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर विदर्भाचा संघ अंतिम सामना मुंबईशी १६९ धावांनी हरला. त्या दिवशी अमरावतीच्या रस्त्यांत आम्ही जे ऐकले ते असे : 'हरले शेवटी!' सहा वर्षांपूर्वी 'आपण' जिंकलो होतो. हरले मात्र 'ते'! क्रियापदाच्या या एका प्रत्ययात आमचा सारा अप्रामाणिकपणा उघडा पडतो. आणि साठ वर्षे जो संघ करंडकाविना खेळत होता, त्यास त्या काळात आपला म्हणणारे किती होते, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनास विचारावा.

परंतु पराभवात हळहळणे हासुद्धा तोट्याचा लहानसाच वाटा होय. खरा वाटा त्याहून महाग असतो, हे आम्ही एका विद्यार्थ्याकडून शिकलो. सुमारे वीस वर्षांपूर्वी अकोट तालुक्यातील एका खेड्यातला मुलगा आमच्या वर्गात होता. तो वेगवान गोलंदाजी करी. निवड-चाचणी व सराव यांमुळे त्याची हजेरी कमी भरली. ती माफ करण्याचा अधिकार आमच्याकडे होता. तो विनंती घेऊन आला असता आम्ही त्यास अर्धा तास उपदेश केला. चेंडूने पोट भरत नाही, हे त्यास उत्तम मराठीत समजावून दिले, आणि अर्ज नामंजूर केला. त्याने खेळ सोडला. आमचे म्हणणे खोटे होते असे नाही. पण त्याचा चेंडू आम्ही एकदाही पाहिला नव्हता, आणि न पाहता त्याची किंमत ठरविली होती.

२०१८ च्या त्या जानेवारीतच एका लग्नानिमित्त आम्ही अकोल्यास गेलो असता तो भेटला. बी-बियाणे व खते यांचे त्याचे दुकान आहे. त्याने वाकून नमस्कार केला व हसून म्हणाला, 'सर, आपण जिंकलो!' त्याच्या स्वरात कोणताही टोमणा नव्हता. असता तर आम्हांस बरे वाटले असते. पुढे बोलताना कळले की दुकान बंद केल्यावर तो मोहल्ल्यातील दहा-बारा मुलांस रोज खेळ शिकवितो व त्यांच्या चेंडूंचा खर्च स्वतःच करितो. त्यांतील कोणी रणजी संघात जाईल काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, 'बहुतेक नाही, सर. पण ज्याला जायचं असेल त्याला कोणी अडवू नये.'

आमच्या मातृभाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंस मिळून एकच आहे. 'आम्ही' म्हणणारा ऐकणाऱ्यास बाहेर ठेवितो, 'आपण' म्हणणारा त्यास आत घेतो. हा भेद आम्ही मुलांस व्याकरणाच्या तासास अनेकदा सांगितला होता. त्याचा नैतिक अर्थ मात्र त्या दिवशी ध्यानात आला. 'आपण' हा हक्काने उचलण्याचा शब्द नव्हे, तो दुसऱ्याने देण्याचा शब्द आहे. ज्याने श्रम केले, ज्याने तोटा सोसला, ज्याने जे गमावले तेच दुसऱ्यास मिळावे म्हणून सायंकाळ खर्च केली, त्याच्या तोंडी तो शोभतो. आणि त्याने तो आपणांस उद्देशून उच्चारला, तर ते त्याचे औदार्य समजावे. मैदानावर घाम गाळणाऱ्या नायरास किंवा सतीशास तो शब्द जन्माचा दाखला न दाखविता उच्चारता येतो. पण इथेच जन्मून, ज्याने एका मुलाचा अर्ज नामंजूर केला, त्याने तो उच्चारताना थोडे थांबावयास हवे.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ती पदकांच्या मोजदादीत नव्हती. पण ज्या गावाने ते पथक घडविले, त्या गावास 'आपण' म्हणण्याचा अधिकार होता, कारण गावातील पोरे आखाड्यात उतरत होती. आज आखाड्याची जागा पुष्कळ घरांत पडद्याने घेतली आहे. पाहण्यात पाप नाही. आम्हीही पाहतो व पुढेही पाहू. एवढेच की, विदर्भाचा संघ पुन्हा जिंकेल त्या दिवशी आम्ही प्रथम अकोल्याच्या त्या दुकानदारास दूरध्वनी करणार आहो, आणि पहिले वाक्य त्यास उच्चारू देणार आहो.